आबाजी, तो बोल्ट कोणी ढिला केला?

आबाजी,

तुम्ही गेल्यावर तुमच्या जलदान विधीला दोन दिवस राहिले होते. घरात पाहुण्यांची गर्दी, भंतेजींना कुठं बसवायचं याची चर्चा, आणि इकडे आपल्या अकोल्याच्या वर्कशॉपच्या फाटकात नांदगाव खंडेश्वरचे सुधाकरभाऊ टेम्पो घेऊन उभे. टेम्पोत आपली पेरणीची मशीन. चार खरिपांआधी तुम्हीच त्यांना दिलेली.

"आबाजीले भेटाले याचं राहूनच गेलं, बाई," ते म्हणाले. "आता पेरणीआंधी मशीन दाखवाची होती, तं म्हनलं फोटोले हातबी जोडून येऊ."

मी त्यांना चहा दिला आणि मशीन उतरवून घेतली. खरं सांगते, घरातल्या बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मला त्यातून सुटायचं होतं. मशीनखाली शिरले. वाळलेला चिखल खरवडला. तुरीच्या बियाण्याचा खण असतो ना, त्याच्या मागं, लोखंडी पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात मोबाइलचा उजेड पाडला. तिथं एक पांढरा ठिपका होता. अंगठ्यानं लावलेला, कडेनं पुसट झालेला.

मी तशीच पडून राहिले. वरून बाबा विचारत होते, "काय झालं व? आवाज काहून येऊन नाही राहिला?"

"काही नाही," मी म्हटलं. "गंज आहे."

तो गंज नव्हता. तो चुना होता, आबाजी, तुमच्या तंबाखूच्या डबीतला. निदान मला तसं वाटलं. तेव्हापासून मला तुमचा संशय येतो आहे. हे लिहितानाही तो गेलेला नाही.

तुमची ती पद्धत आता सांगूनच टाकते. कारागीर संध्याकाळी हातपाय धुवायला गेले की तुम्ही पाना घेऊन तयार मशीनींमधून एक फेरी मारायचा. एखाद्या मशीनचा एक बोल्ट मुद्दाम ढिला करायचा आणि आपल्याला लक्षात राहावं म्हणून जवळच, सहज दिसणार नाही अशा जागी, चुन्याचा ठिपका लावायचा. दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्याला तो बोल्ट सापडला पाहिजे. सापडला तर तुम्ही बोल्ट आवळून ठिपका पुसायचा. शाबासकी नाही, काही नाही. नाही सापडला तर सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं बोलायचा. आणि मशीन फाटकाबाहेर पडण्याआधी खाली वाकून, कुठं ठिपका राहिला नाही ना, हे स्वतः पाहायचा. प्रत्येक मशीनखाली. गुडघे दुखायला लागले तरी.

तुमची नात असूनही मी त्यात सापडले होते. आपल्या घरातली पहिली पदवी, अमरावतीहून इंजिनिअर होऊन आले होते, आणि पहिल्याच महिन्यात एक मशीन पाहून मोठ्या ऐटीत म्हटलं, "झाली, पाठवा." तुम्ही हाक मारली, "इंजिनेर, ये इकडं." एका चाकाची पिन हातानं ओढली. ती सरळ हातात आली.

"चार वर्षं अमरावतीले काय पायलं व? पिच्चर?"

सगळे हसले. तुमचे जुने कारागीर वामनमिस्त्री तर पोट धरून हसले. त्या संध्याकाळी तुम्ही मला बाजूला नेऊन चुन्याचा ठिपका दाखवलात. "हे कोनाले सांगजो नको. आपल्या दोघातच." मी किती फुशारले होते! तुम्ही माझ्यावर भरवसा टाकला असं मला वाटलं. आता वाटतं, मी कोणाला सांगते का हे तुम्ही पाहत होतात.

आपलं यावरून किती वेळा वाजलं. मी म्हणायची, माणसं वीस-वीस वर्षं तुमच्याकडं काम करतात, त्यांना असं फसवून पाहणं बरं नाही. तुम्ही एकदाच नीट उत्तर दिलंत. तुमची पहिली मशीन ज्यानं घेतली, त्यानं आधी आडनाव विचारलं. मग तीच मशीन दुसऱ्या वर्कशॉपात नेऊन उघडून पाहिली. काही निघालं नाही, तरी त्याचं मन भरलं नाही.

"लोक आपल्या मालाकडं दोनदा पायतात, पोरी. आपन तीनदा पायाचं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाकीच्यांचं रीडिंग सर तसंच घ्यायचे आणि माझं पुन्हा काढायला लावायचे. तेव्हा मला तुमचं ऐकू यायचं, आणि मी तीनदा काढायची.

चार वर्षांपूर्वीच्या खरिपात सुधाकरभाऊंनी ही मशीन नवी नेली. पेरणी झाली. दहा-बारा दिवसांनी फोन आला. तुम्ही फोन कानापासून लांब धरून ऐकायचा, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आबाजी, सोयाबीन झ्याक निंघालं. तूर कुठी हाय?"

आपण दोघं गेलो. आपल्याकडं सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरतात. वावरात सोयाबीन हिरवंगार, आणि जिथं तूर असायला पाहिजे तिथं काळ्या मातीचा कोरा पट्टा. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. मग परत सोयाबीन, परत कोरा पट्टा. सगळं वावर तसं. सुधाकरभाऊ भांडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आबाजीची मशीन म्हनून पेरतानी मांगून पायाले मानूसच नाई लावला."

बिघाड दोन मिनिटांत सापडला. तुरीचं बियाणं खाली सोडणाऱ्या चकतीचा बोल्ट ढिला होता. दांडा फिरत होता, चकती जागेवरच होती, तूर पेटीतच राहिली होती. तुम्ही पाना मागितलात, वरूनच हात घालून बोल्ट आवळलात आणि उभे राहिलात.

खाली वाकला नाहीत.

तेव्हा मला वाटलं, गुडघे. आता चार वर्षांनी त्याच मशीनखाली पडून मला ते दुसरंच काही वाटायला लागलं. प्रत्येक मशीनखाली वाकणारा माणूस नेमका त्या दिवशी का वाकला नाही? खाली काय दिसेल हे त्याला ठाऊक होतं म्हणून?

परत आलो तेव्हा वर्कशॉपच्या अंगणात दुपारचं जेवण चाललं होतं. तुम्ही डबे उघडे असतानाच वामनमिस्त्रींना उभं केलंत. शेवटची तपासणी त्यांची. बावीस वर्षं त्यांची.

"म्या आवळला व्हता, आबाजी."

"आवळला व्हता तं ढिला कोनं केला? भुतानं?"

कोणी घास उचलला नाही. आणि मी काय केलं? मी ऑफिसात गेले आणि माझी ती तपासणीची यादी घेऊन आले. मीच तयार केलेली, मीच छापून आणलेली, जिचा मला फार अभिमान होता. ती त्यांच्यापुढं धरून म्हटलं, "काका, इथं तर तुमची खूण आहे." वामनकाकांनी तुमच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मग लोखंड धरायच्या शिकंज्यावर वाळत टाकलेला आपला दुपट्टा घेतला आणि गेले. नंतर कळलं, पातूरला एका दुकानात गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करतात.

त्यानंतर तुम्ही बोल्ट ढिले करणं बंद केलंत. एकदम. मी विचारलं तर म्हणालात, "आता तुही लिस्ट हाय ना." मला वाटलं, मी जिंकले! चार वर्षं मी लोकांना सांगत फिरले की आबाजींनी माझी यादी मान्य केली. आता त्या वाक्याचीही मला शंका येते.

असं सगळंच मागं जाऊन तपासायला लागले की मग दुसरंही आठवतं. माझ्या पदवीचं प्रमाणपत्र आलं तो दिवस. तुम्ही ते दोन्ही बाजूंनी पाहिलंत. नावातलं एकेक अक्षर माझ्याकडून म्हणून घेतलंत. शिक्का नखानं खरवडून पाहिलात. मी म्हटलं, "अहो आबाजी, विद्यापीठाचं आहे ते!" तुम्ही म्हणालात, "म्हनूनच पाहून राहिलो." मग चष्मा काढला, "खरी हाय," म्हणालात आणि मान फिरवली. तुमचे खांदे हलत होते. इतकं तपासून कोणी माझं कौतुक केलं नाही, यापुढं करणारही नाही.

ठिपका दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातूरला गेले. घरी सांगितलं, मंडपाच्या पाइपांचं पाहून येते.

वामनकाका एका गेटाला वेल्डिंग करत होते. मला पाहून काच वर केली. "पेपरात पायलं," म्हणाले. "याचं होतं. पन कोनत्या तोंडानं येऊ?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुमची संध्याकाळची फेरी, चुना, मशीनखाली दिसलेला ठिपका. मला वाटलं होतं ते चिडतील, नाहीतर रडतील. ते हसायला लागले.

"ते चुन्याचे ठिपके? अवो पोरी, ते मले पंधरा वर्षांपासून मालूम होते!"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? बोल्ट कोन पायते एकेक? म्या चुनाच शोधत होतो. चुना दिसला का आसपास ढिलं हायच. नाई दिसला तं मशीन ओके. आबाजी म्हनत, वामनची नजर लय बारीक." मग हसू गेलं. "त्या मशीनीवर चुना नाई दिसला मले. कोपऱ्यात असन. म्या म्हनलं, आवळलेलंच असन. पायलं नाई."

"तुम्ही तर म्हणाला होता, आवळला होता."

"खोटं बोललो."

एवढ्या सरळपणे सांगितलं त्यांनी. गेटाच्या गरम सांध्यावर माशी बसली आणि उडाली. मग ते म्हणाले, "आबाजी येत होते इथी."

हे मला माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

"तीन डाव आले. बसनं. माह्या वेल्डिंगवरून नख फिरवून पाहे अन् चहा पेऊन उठे. म्हने, बस निंघन. शेवटच्या डावी म्हनले, वामन, तो बोल्ट तुह्याच हातचा ढिला होता ना? म्या म्हनलं, तुमाले काय वाटते? मंग बोललेच नाई. बस आली, चालले गेले."

आबाजी, तो प्रश्न तुम्ही का विचारलात? 'हो' ऐकून मोकळं व्हायला? की 'नाही' ऐकून आपलं सांगायला? मी पातूरपासून अकोल्यापर्यंत हाच विचार करत आले आणि दोन्ही तितकंच खरं वाटलं.

निघताना मी म्हटलं, "काका, मला वाटतं तो बोल्ट आबाजींनीच ढिला केला होता आणि आवळायचा विसरले. मला माफी मागायची आहे."

"पक्कं मालूम हाय का तुले?"

"नाही. शंका आहे."

"शंकेवरच मले त्याहिनं दोषी ठरवलं. आता तू शंकेवरच सोडून राहिली." त्यांनी काच खाली केली, मग परत वर केली. "अन् जथी मले बोलले तथी बोल ना. इथी गेटाले सांगून काय फायदा? पन फक्त तुमचंच सांगजो. माहं अर्धं माह्यापाशी राहू दे."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते तुमच्या फोटोला दिवा लावत होते. त्यांनी काडी विझवली.

"हार सुकला नाई अजून. अन् तू गिऱ्हाइकाईसमोर सांगशीन का आमच्याच मानसानं मशीन बिघडवली?"

"बिघडवली नाही म्हणत मी. विसरले म्हणते."

"पुरावा काय हाय तुह्यापाशी? चुना?"

"वामनकाकांच्या विरुद्ध काय होता?"

"आंगनात तीस मशीनी उभ्या हायेत, पेरणी तोंडावर हाय. लोक आपल्या मालाकडं कसे पायतात, हे तुले सांगू का मी?"

तुमचंच वाक्य. बाबा चुकीचे नव्हते, आबाजी. तुम्ही शेडमध्ये भाड्याच्या वेल्डिंग मशीनवर जे उभं केलंत ते एका वाक्यानं हलू शकतं, हे मलाही कळतं. त्या दिवशी जेवणाच्या डब्यांसमोर तुम्हालाही तेच कळलं असणार. वर्कशॉपचं नाव की वामनचं, असा तो हिशेब तुम्ही उभ्या उभ्या केलात, असा माझा संशय आहे. आणि मीही तेव्हा यादी घेऊन तुमच्याच बाजूला उभी राहिले.

विधी वर्कशॉपच्या अंगणातच झाला. वंदना झाली, भंतेजी बोलले, मग लोक बोलायला उठले. तुमचे कष्ट, तुमची शिस्त, तुमची बारीक नजर. सुधाकरभाऊ पुढच्या रांगेत होते. वामनकाका दिसत नव्हते. खरं सांगते, ते येणार नाहीत असंच मला वाटलं होतं, आणि त्यात थोडी सुटकाही होती. मग पाहिलं तर ते मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभे होते, कारागिरांमध्ये.

मी उठले. बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी भाषण पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. मी म्हटलं, "सुधाकरभाऊंच्या वावरात तूर पडली नाही त्याचा ठपका आपण वामनमिस्त्रींवर ठेवला. आबाजी तपासणीसाठी बोल्ट ढिले करून ठेवायचे. त्या मशीनखाली मला त्यांची खूण दिसली आहे. पक्का पुरावा नाही. पण वामनकाकांना दोषी ठरवलं तेव्हाही नव्हता. ती यादी नाचवणारी मी होते. चूक झाली. ज्या जागेवर त्यांना बोललो त्याच जागेवर मी हे सांगते आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "काय बोलून राहिली ही?" मग वामनकाका खांब सोडून पुढं आले.

"पायाचं काम माहं होतं," ते म्हणाले. "म्या पायलं नाई. अन् आवळला म्हनून आबाजीच्या तोंडावर खोटं बोललो." तुमच्या फोटोला हात जोडले आणि परत जाऊन उभे राहिले.

शेवटी सुधाकरभाऊच बोलले. "तुरी तं तवाच बायाईनं हातानं मातीत डोबल्या, बाप्पा. पिकल्याबी. आता जेवाले बसा." लोक हसले, आणि पंगत बसली. बाबा वाढायला उभे राहिले. वामनकाकांच्या पानात त्यांनी स्वतः वरण वाढलं. माझ्याशी मात्र ते अजून कामापुरतंच बोलतात. एका गिऱ्हाइकानं मशीन सध्या नको म्हणून कळवलं आहे. तेही याच कारणानं की दुसऱ्या, मला कळायला मार्ग नाही.

लोक मला म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल असं मनात ठेवू नये. मी तुमच्याच हाताखाली शिकले, मी दुसरं काय ठेवणार? तुम्ही जाणूनबुजून गप्प राहिलात असं मला वाटतं. तुम्हाला ते पोखरत होतं असंही वाटतं. नाहीतर या वयात बसनं पातूरला कोण जातं? तुम्ही आणखी एक दिवाळी जगला असतात तर चौथ्यांदा गेला असतात, आणि बहुतेक पुन्हा चहा पिऊन उठला असतात. मला तुमचा राग येतो. आणि रोज सकाळी फाटक उघडताना वाटतं, आता आतून आवाज येईल, इंजिनेर, ये इकडं.

काल वामनकाका आले. बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, परत या कामावर."

"पायतो," ते म्हणाले. "पयले तुही मशीन पाहू दे."

अंगणातली एक तयार मशीन त्यांनी निवडली. यादीतल्या सगळ्या खुणा भरलेली, माझी सही असलेली. दुपट्टा खाली अंथरला आणि आत शिरले. मी उन्हात उभी. कॉलेजच्या तोंडी परीक्षेतही माझी एवढी गाळण उडाली नव्हती. आतून नुसती ठकठक ऐकू येत होती. मग ती थांबली आणि त्यांचा हात बाहेर आला.

"तेराचा पाना दे."

"काय ढिलं आहे?"

"खाली ये," ते आतून म्हणाले. "आपल्या डोयानं पाय."